बापूरावांची फुलचुखी

वर्ध्याजवळच्या देवळीत ज्याचं लग्न जमलं, ज्याला नोकरी लागली किंवा ज्याने रेशनकार्डासाठी अर्ज केला, त्याला कधी ना कधी बापूराव वैरागडे यांच्या फोटो स्टुडिओतल्या स्टुलावर बसावंच लागलं. एवढंच कशाला, माणूस गेल्यावरसुद्धा घरचे लोक त्याचा जुना पासपोर्ट फोटो घेऊन बापूरावांकडेच यायचे. बापूराव तो मोठा करून द्यायचे, कपाळावरच्या आठ्या जरा कमी करायचे, आणि मग त्या फोटोला हार चढायचा. देवळीतल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर बापूरावांचे फोटो असतील. पण कोणाच्या भिंतीवर बापूरावांचं नाव नव्हतं. नाव फोटोच्या पाठीवर शिक्क्यात असायचं, आणि फ्रेमवाला त्यावर पुठ्ठा ठोकून मोकळा व्हायचा.

अडतीस वर्षं त्यांनी हे काम केलं. तक्रार कधी केली नाही, कारण तक्रार करायची कोणाकडे? फ्रेमवाल्याकडे? पण मनातून त्यांना वाटायचं की एकदा तरी आपला एक फोटो भिंतीवर लागावा आणि खाली आपलं नाव असावं. ही इच्छा त्यांनी फक्त वच्छलाबाईंना सांगितली होती. त्या म्हणाल्या होत्या, "मंग स्वतःचाच फोटो काढा अन् लावा भिंतीवर. हार मी आणतो." असल्या बायकोपुढे माणूस मनातलं फार बोलत नाही.

मोबाईल आले, स्टुडिओ बसला. बापूराव आणि वच्छलाबाई वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेला नीलेशकडे, म्हणजे मुलाकडे राहायला आले. स्टुडिओतलं बाकी सामान विकलं, पण शेवटी घेतलेला डिजिटल कॅमेरा आणि लांबचं दिसणारी एक लेन्स बापूरावांनी पोटाशी धरून आणली. सून वर्षाली शाळेत शिक्षिका. सासरा दिवसभर अंगणात येरझारा घालतो हे पाहून तिनेच त्यांना वर्ध्याच्या पक्षी पाहणाऱ्या मंडळींत नेऊन सोडलं. त्या गटाचा कर्ताधर्ता निकेश नावाचा तरुण होता. तो बँकेत होता, पण रविवारी सकाळी त्याला बँकेचं नाव काढलेलं चालत नसे.

फाल्गुनात निकेश सगळ्यांना बोर अभयारण्याच्या काठाला घेऊन गेला. पळस पेटले होते. पान एक नाही आणि झाड फुलांनी लालभडक. बापूराव एका पळसाखाली उभे होते, तर वरच्या फांदीवर काळं, अंगठ्याएवढं काहीतरी हललं. त्यांना वाटलं भुंगा आहे. तेवढ्यात ते काळं उन्हात आलं, आणि पाण्यावर रॉकेल सांडल्यावर जसे रंग पसरतात तसे त्याच्या अंगावर निळा, जांभळा, हिरवा असे रंग पसरले. पक्ष्याने आपली बाकदार चोच पळसाच्या फुलात बुडवली, कपाळाला पराग माखून घेतला आणि चिक्‌ करून पुढच्या फुलावर गेला.

"काका, शिंजीर! नर आहे," निकेश कुजबुजला.

वच्छलाबाई घरी म्हणाल्या, "अवो, ते फुलचुखी. फुलातलं पाणी पेते." मग बापूरावांनीही शिंजीर सोडलं आणि फुलचुखीच धरली.

पण फोटो काही मिळाला नाही. त्याचं कारण असं, की बाकीचे लोक एका पक्ष्यावर टर्रर्र करून पन्नास-साठ फोटो काढायचे, आणि बापूराव एक काढायचे. रोलच्या जमान्यातला माणूस. गिऱ्हाईक बसलं, मान सरळ केली, हनुवटी खाली घेतली, श्वास रोखला आणि एकदाच खटका. दुसरा खटका दाबणं म्हणजे आपलं काम आपल्याला येत नाही असं कबूल करणं. निकेशने हात जोडून सांगितलं, "काका, यात रोल नाही." बापूराव म्हणाले, "मालूम आहे बाप्पा. पण बोटाले मालूम नाई ना." आता फुलचुखी काही स्टुलावर बसून श्वास रोखत नाही. बापूराव चार वेळा सकाळच्या एसटीने त्या पळसाखाली जाऊन आले. त्यांच्याकडे एक रिकामी फांदी, एक पळसाचं फूल, एक शेपूट आणि एक नुसतं आभाळ जमा झालं.

अशात निकेशने जाहीर केलं, की मे महिन्यात एका कॉलेजच्या हॉलमध्ये गटाचं प्रदर्शन भरवायचं. प्रत्येकाचा एक फोटो, मोठा करून, चौकटीत. खाली काढणाऱ्याचं नाव. फोटो एप्रिलच्या वीस तारखेपर्यंत द्यायचा.

बापूराव घरी आले आणि त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. वच्छलाबाईंच्या लक्षात आलं.

पळस संपला. जंगलातली फुलचुखी कुठे गेली कोण जाणे. आणि पाडव्याच्या आधी वच्छलाबाईंनी घर झाडायला काढलं. घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, न्हाणीच्या खिडकीसमोर, नीलेशने हौसेने लावलेलं एक संत्र्याचं झाड होतं. सात वर्षांत त्याला एक संत्रं लागलं नव्हतं. पानं मात्र अशी दाट की खाली दुपारी अंधार. त्या झाडाच्या एका डहाळीला एक जळमट लोंबत होतं. वाळकं गवत, कोळ्याची जाळी, कापसाचे पुंजके, आणि मध्येच विजेच्या बिलाचा एक कपटा. वच्छलाबाईंनी बांबूला बांधलेला झाडू वर केला. झाडू टेकणार, तेवढ्यात त्या जळमटाच्या पोटातून एक पिवळट पाखरू फुर्रकन निघालं आणि तारेवर बसून त्यांना शिव्या घालू लागलं.

"अवो, इकडे या!" त्यांनी हाक मारली. "या जळमटात जीव आहे."

ते फुलचुखीचं घरटं होतं. पिवळट ती मादी. पिशवीसारखं लोंबतं घर, बाजूला गोल दार, आणि दारावर चक्क छोटासा छज्जा. वच्छलाबाईंनी झाडू खाली ठेवला, कपडे वाळत घालायची दोरी तिथून सोडवून पुढच्या अंगणात नेली आणि घरात हुकूम काढला की त्या कोपऱ्यात कोणी फिरकायचं नाही. बापूरावांना मात्र न्हाणीच्या खिडकीतून बघायची परवानगी मिळाली.

मग काय, न्हाणीचा स्टुडिओ झाला. बापूराव सकाळी सातला स्टूल टाकून आत बसायचे ते दहापर्यंत. नीलेश दोनदा बिनआंघोळीचा ऑफिसला गेला. "बाबा, तुमची पाखरं होतील मोठी, पण माझी नोकरी जाईल," असं तो म्हणाला, तर बापूरावांनी आतूनच सांगितलं, "हळू बोल. ते अंड्यावर बसून राह्यली."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अंडी फुटली. आता नरही येऊ लागला. पळसावरच्यासारखाच, निळा-जांभळा, चोचीत कोळी घेऊन. दारातून दोन चोची बाहेर यायच्या आणि तो भराभर भरवून जायचा. बापूरावांनी सात दिवस रोज एक फोटो काढला. सातही काळे. संत्र्याची एक दाट फांदी घरट्यावर अशी पसरली होती, की दारावर उजेडाचा कण पडत नव्हता. कॉम्प्युटरवर वर्षालीने ते फोटो उजळून पाहिले, तर पक्षी धुरात बसल्यासारखा दिसायचा.

स्टुडिओत बापूरावांचं एक वाक्य ठरलेलं होतं. ज्याच्या तोंडावर उजेड नाही, तो फोटोत नाही. म्हणून ते गिऱ्हाइकाला बसवून पडदा सरकवायचे, दिवा हलवायचे, उजेड नेमका गालावर आणायचे. सगळी हयात त्यांनी हेच केलं. समोर जे आहे ते तसंच काढायचं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. माणूस नीट बसवायचा आणि मग काढायचा.

सतरा तारखेला वच्छलाबाई बहिणीच्या नातीच्या लग्नासाठी देवळीला गेल्या. अठराला सकाळी बापूराव सुतळीचा तुकडा घेऊन सांदवाडीत उतरले. त्यांनी ती दाट फांदी वाकवली, ओढली आणि नळाच्या पाइपाला बांधून टाकली. घरट्याला हातही लावला नाही. मादी तारेवर बसून चिकचिक करत होती. "बस, तासभराचं काम आहे," ते तिला म्हणाले, जसं स्टुडिओत रडणाऱ्या पोराला म्हणायचे तसं.

तासाभरात मनासारखं काही आलं नाही. फांदी सोडावी, तर उद्या पुन्हा बांधायला जावं लागेल, पाखरं पुन्हा घाबरतील. त्यापेक्षा राहू द्यावी. असा त्यांनी पाखरांच्याच भल्याचा विचार केला. आपल्याला जे करायचं असतं त्यात दुसऱ्याचं भलं शोधणं माणसाला फार लवकर जमतं, आणि बापूराव तर हुशार माणूस. उन्हाचा पारा त्रेचाळीसच्या वर होता. कूलरसमोर बसलेल्या माणसाला तो पेपरातच दिसतो.

वीस तारखेला, बरोबर साडेबारा वाजता, तो फोटो आला. ऊन थेट घरट्याच्या दारात शिरलं होतं. मादी दाराला लटकून, दोन्ही पंख ताणून पसरून, चोच उघडी ठेवून बसली होती. पंखांच्या कडेतून दोन इवल्या चोची दिसत होत्या, त्याही उघड्या. वरच्या डहाळीवर नर आला, त्याच्या अंगावर सगळे रंग एकदम उजळले, आणि बापूरावांनी खटका दाबला. एकदाच.  बाहेर येऊन त्यांनी पहिल्यांदा हात धुतले आणि थोडा वेळ देवघरासमोर उभे राहिले.

वर्षाली तेव्हा शाळेतून नुकतीच आली होती. फोटो लॅपटॉपवर मोठा केला तसे तिचे डोळे भरले. "बाबा, आईची माया म्हणतात ते हेच तर आहे!" तिने तो निकेशला पाठवला. पाच मिनिटांत निकेशचा फोन. "काका, काय काढलंय! हा हॉलच्या दारातच लावू. सगळ्यांत मोठा. नाव ठळक अक्षरात." बापूराव नुसतं हो हो करत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांना खुर्चीत बसवेना, उभंही राहवेना. सुख इतकं झालं होतं.

अडीचच्या सुमाराला वच्छलाबाई एसटीने आल्या. पदराने घाम पुसला, माठातलं दोन पेले पाणी प्यायल्या. वर्षालीने त्यांना हात धरून लॅपटॉपसमोर बसवलं. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं.

"चांगला आला," त्या म्हणाल्या. "पण ते पंख काऊन पसरून राह्यली?"

"माया आहे ना आई," वर्षाली म्हणाली.

"माया त आहेच. पण भरवतानी पाखरू पंख पसरत नाई." वच्छलाबाईंनी मान जरा जवळ नेली. "देवळीच्या घरावर टीनपत्रे होते. नीलेश झाला तो उन्हाळा. मी दुपारभर त्याच्यावर ओला पदर धरून अशीच बसत होती. माह्या पाठीले फोड आलते. ते तशी बसली आहे. तिले ऊन लागून राह्यलं." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "पण तिथं त सावली होती ना? मी गेली तवा अंधार होता तिथं. तुमी काई केलं का जी?"

 बापूराव उठले आणि अनवाणीच मागच्या दाराने बाहेर पडले.

फरशी तव्यासारखी तापली होती. त्यांनी सुतळी सोडली. फांदी परत घरट्यावर जायला हवी होती, ती गेली नाही. तीन दिवस ओढून धरल्याने ती बुडाशी पिचली होती, आणि पानं सुरळ्या होऊन खडखड वाजत होती. त्यांनी ती हाताने वर उचलून धरली, सोडली, तर पुन्हा खाली. झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांची ओळ दिसली. तिथे एक पिल्लू पडलं होतं. गारव्यासाठी दारातून बाहेर सरकलं असेल. त्याला अजून पुरती पिसंही फुटली नव्हती.

वच्छलाबाई मागून आल्या. त्यांनी एकदा मुंग्यांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.  मग त्या आत गेल्या आणि आपलं एक मऊ झालेलं सुती लुगडं घेऊन आल्या. "धरा ते टोक," एवढंच म्हणाल्या.

दोघांनी ते लुगडं न्हाणीच्या खिडकीच्या गजापासून भिंतीवरच्या खिळ्यापर्यंत ताणून बांधलं. घरट्यावर सावली पडली. पण वारा गरम आणि जोराचा. लुगडं फडफडलं तशी तारेवरची मादी दूर उडून गेली. वच्छलाबाईंनी चारी टोकांत गोटे बांधले. फडफड थांबली. मग दोघं न्हाणीत जाऊन खिडकीशी उभे राहिले.

साडेतीन झाले. मादी आली, लुगडं पाहून परत गेली. चार झाले. घरट्याच्या दारातून एक चोच दिसत होती, आणि मध्येच दिसेनाशी होत होती. बापूरावांच्या पायांना फोड आले होते, पण स्टुलावर ते बसले नाहीत. "येईन का वं?" त्यांनी विचारलं. वच्छलाबाई म्हणाल्या, "मी काय तिच्या मनात बसली आहो?" आणि थोड्या वेळाने, जरा मऊ आवाजात, "येईन. पोरगं आहे तिचं आत."

पाचच्या पुढे नर आला. लुगड्याच्या काठावर बसला, शेपटी हलवली, खाली वाकून पाहिलं आणि चिकचिक करत राहिला. त्याच्यामागून मादी आली. लुगड्याखालून शिरली, दाराला लटकली, आत वाकली. चोचीत काय होतं ते दिसलं नाही. आत काहीतरी चिवचिवलं. बापूरावांनी खिडकीचा गज घट्ट धरला आणि ते रडले. कॅमेरा आत टेबलावर होता. त्यांना त्याची आठवणही झाली नाही.

त्यानंतर ते लुगडं रोज सकाळी नऊला बांधलं जायचं आणि संध्याकाळी सुटायचं. बांधायचं काम बापूरावांचं. सहाव्या दिवशी ते लुगडं घेऊन बाहेर आले तर घरटं रिकामं होतं. पिल्लू पहाटेच उडालं असावं; कोणी पाहिलं नाही. शेजारच्या जांभळीच्या झाडातून बारीक, हट्टी चिवचिवाट मात्र दिवसभर येत होता.

त्याच दुपारी बापूरावांनी निकेशला फोन केला. फोटो काढून टाका असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "फोटोखाली मी चार ओळी लिहून देतो. त्या लावजो."

ओळी वाचून निकेश घरी आला. वर्षालीने दिलेला चहा हातात तसाच राहिला. "काका, कशाला? लोकांना काय कळते? फांद्या थोड्याफार सगळेच बाजूला करतात."

"सगळेच?"

"म्हणजे, बरेच."

"मंग लाव बाप्पा. त्यायच्यासाठीच लाव."

"तुमचं नाव खराब होईल काका."

"नाव माहं आहे न," बापूराव म्हणाले. "ते कशाखाली लिहायचं हे मले ठरवू दे."

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रदर्शन भरलं. फोटो दारातच होता, तीन फूट बाय चार. खाली बापूरावांच्या स्टुडिओतल्या वळणदार अक्षरांत लिहिलं होतं:

"ही मादी पिल्लांना भरवत नाही. ती त्यांना उन्हापासून झाकते आहे. घरट्यावर सावलीची फांदी होती, ती मी फोटोसाठी बांधून ठेवली. घरट्यात दोन पिल्लं होती, एक उडालं. बापूराव वैरागडे."

येणारे लोक दारातच थबकायचे. "वा! काय टायमिंग आहे!" म्हणून बरेच जण न वाचताच पुढे जायचे. दोन मुलींनी फोटोसमोर उभं राहून स्वतःचे फोटो काढले. काही जण वाचायचे आणि जरा घाईने आत शिरायचे. बापूराव आणि वच्छलाबाई भिंतीलगतच्या बाकावर बसून होते. वच्छलाबाईंनी इरकलीची घडी मोडली होती, कारण शेवटी नवऱ्याचा फोटो लागला होता, आणि तो कसा का लागेना.

दुपारी एक म्हातारी बाई नातवाचा हात धरून आली. पायात स्लिपर, डोक्यावर पदर. वाचता येत होतं, पण बोट ठेवून, एकेक शब्द. पहिल्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंत ती बोट फिरवत गेली आणि नावावर थांबली. मग तिने आजूबाजूला पाहिलं. बापूराव आपोआप उठून उभे राहिले.

"हे तुमी का जी?" तिने विचारलं.

अडतीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"हो," बापूराव म्हणाले. "मीच."